जुने इंजिन, जुने हात : ‘फेअरी क्वीन’च्या पुनरुज्जीवनाच्या निमित्ताने

वारसा हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. किल्ले, वाडे, मंदिरे यांच्या पंक्तीला आता रेल्वेची जुनी वाफेची इंजिनेही येऊन बसली आहेत. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. उलट, माणसाच्या श्रमातून उभे राहिलेले यंत्र देवळाच्या कळसाइतकेच जपण्याजोगे आहे, असे समाजाला वाटू लागले तर ती स्वागताची गोष्ट मानली पाहिजे. पण वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता अशा समाजातून आलेल्या माणसाला तो प्रश्न जरा लवकर सुचतो. एखादे जुने इंजिन कारखान्यात नेऊन पुन्हा चालते करतात तेव्हा नेमके काय जपले जाते आणि काय सुटून जाते, याचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

उदाहरण म्हणून ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन घेऊ. १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन आणि ह्युइटसन यांच्या कारखान्यात ते बांधले गेले आणि त्याच वर्षी बोटीने कलकत्त्याला आले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. ‘फेअरी क्वीन’ हे नाव पुढे १८९५ मध्ये मिळाले. आजच्या नजरेला हे इंजिन लहानखुरे वाटते. सहा फूट व्यासाच्या मोठ्या चाकांची एकच जोडी, पाण्याची टाकी चौकटीच्या पोटात आणि वेग ताशी जेमतेम ४० किलोमीटर. हावड्याहून राणीगंजच्या कोळसा मुलखाकडे जाणाऱ्या हलक्या टपाल गाड्या ते ओढीत असे. १८५७ च्या उठावात त्याने कंपनी सरकारच्या सैन्याच्या गाड्या ओढल्या. नंतर बिहारमध्ये लोहमार्ग बांधणीच्या कामावर ते राबले आणि १९०९ मध्ये सेवेतून बाद झाले.

बाद झालेले इंजिन बहुधा भंगारात जाते. हे मात्र वाचले. काही दशके ते हावड्याला उभे होते. १९४३ मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत पोचले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले. हे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. १८ जुलै १९९७ रोजी, तब्बल ८८ वर्षांनी, हे इंजिन स्वतःच्या वाफेवर पुन्हा मुख्य लोहमार्गावर धावले. त्याच वर्षी पर्यटकांना घेऊन ते दिल्लीहून अलवारला जाऊ लागले. १९९८ मध्ये, नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २०११ मध्ये चोरट्यांनी त्याचे काही आवश्यक भाग पळविले, तेव्हा दुरुस्तीसाठी त्याला मद्रासच्या पेरांबूर लोको कारखान्यात न्यावे लागले. हा कारखाना १८५६ सालचा, म्हणजे इंजिनाच्याच वयाचा. २१ क्रमांकाचे ‘एक्सप्रेस’ हे त्याचे जोडीदार इंजिनही याच कारखान्याने चालते केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘फेअरी क्वीन’ पुन्हा दिल्लीहून रेवाडीला गेले.

इंजिनाचे चरित्र हे असे उपलब्ध आहे. बांधणाऱ्या कारखान्याचे नाव, क्रमांक, साल, चाकांचा व्यास, सारे काही ठाऊक आहे. त्याला ८८ वर्षांनी ज्या हातांनी उठवले त्यांच्याविषयी मात्र वर्तमानपत्रांतून ‘रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी’ एवढेच वाचायला मिळते.

वाफेचे इंजिन पुन्हा चालते करणे म्हणजे काय, याची कल्पना कारखान्याबाहेरच्या वाचकाला सहसा नसते. गंज खरवडून काळा रंग दिला आणि पितळ चकचकीत केले की संग्रहालयातले शोभेचे इंजिन तयार होते. चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याची सुरुवात सगळे उकलण्यापासून होते. बॉयलरवरचे आवरण काढावे लागते. जुन्या इंजिनांत या आवरणाखाली पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षांनी रोग होतो, ही गोष्ट ते हाताळणाऱ्या मजुराला कोणी सांगितलेली नसे. मग बॉयलर चौकटीवरून उचलतात, आतल्या नळ्या ओढून काढतात आणि पत्रा कुठे किती झिजला आहे ते तपासतात.

यातले सर्वांत नाजूक काम भट्टीचे. जिथे कोळसा जळतो ती आतली पेटी आणि बाहेरचा बॉयलरचा पत्रा यांच्या मधल्या जागेत पाणी खेळते. दाबाने या दोन्ही भिंती फुगून फाटू नयेत म्हणून शेकडो आडव्या दांड्यांनी त्या एकमेकींना जखडलेल्या असतात. कारखान्याच्या भाषेत त्यांना ‘स्टे’ म्हणतात. यातला एखादा स्टे आतल्या आत तुटला तर तो डोळ्यांना दिसत नाही. जुना बॉयलरमेकर एकेका स्टेवर हातोडी मारीत जातो आणि कानाने ऐकतो. धड असलेला स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. आता पत्र्याची जाडी मोजायला ध्वनिलहरींची उपकरणे आली आहेत, तरी हातोडीचे काम संपलेले नाही. धुऱ्याच्या बेअरिंगचेही तसेच. वितळलेला पांढरा धातू ओतायचा, थंड झाल्यावर त्यावर निळा रंग लावलेला धुरा फिरवून कुठे घासतो ते पाहायचे आणि तेवढाच भाग हातातल्या खरवडणीने काढायचा. हे पुनःपुन्हा करायचे. किती खरवडले म्हणजे पुरे, हे कोणत्याही पुस्तकात लिहून सांगता येत नाही.

शेवटी बॉयलरची परीक्षा. ती आधी वाफेने करीत नाहीत, गच्च पाणी भरून नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन करतात. कारण साधे आहे. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सुमारे १६०० पट जागा मागते. वाफेने भरलेला बॉयलर फुटला तर माणसे मरतात, पाण्याने भरलेला फुटला तर बहुधा पाणी गळण्यावर भागते. या परीक्षेत इंजिन उतरले की पहिला विस्तव घालायचा, तोही हळूहळू. थंड बॉयलर घाईने तापवला तर कुठला पत्रा आधी प्रसरण पावतो, कुठला मागाहून, आणि त्या ओढाताणीत सांधे सुटतात. म्हणून इंजिनाला जाग यायला सबंध रात्र लागते.

हा तपशील मुद्दाम दिला. या साऱ्या कामात नकाशे आणि मोजमापे जितकी लागतात तितकेच हाताचे आणि कानाचे ज्ञान लागते. हे ज्ञान ग्रंथातून मिळत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून, त्याच्या हातातली हातोडी आपल्या हातात घेऊन, त्याच्या भांड्यातले पाणी पीत, त्याच्या शिव्या खात ते मिळवावे लागते. म्हणजे हे सर्वस्वी शेजाराने पसरणारे ज्ञान आहे. आणि ज्या समाजाने शेजारच नाकारण्याची व्यवस्था धर्म म्हणून पाळली, त्या समाजात असे ज्ञान कोणापर्यंत पोचले असेल? जुन्या इंजिनाच्या इतिहासात विचारायचा मुख्य प्रश्न माझ्या मते हा आहे.

रेल्वेकडून वेगळ्या अपेक्षा होत्या. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आपली पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात असे भाकीत केले की, रेल्वेबरोबर आधुनिक उद्योग येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर भारतातील जाती उभ्या आहेत ती विरघळून जाईल. हे भाकीत अगदीच खोटे ठरले असे म्हणता येत नाही. गावकीच्या बाहेर रोख मजुरी देणारी पहिली काही ठिकाणे म्हणजे रेल्वे, गिरण्या, गोदी आणि लष्कर. बोरघाटाच्या बांधणीवर १८६१ साली चाळीस हजारांवर माणसे खपत होती. महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या पोराने बलुते सोडून महिन्याचा पगार घरी आणला तो अशा कामांमुळेच. डब्यातल्या बाकावर कोण बसले, हेही रेल्वेने फारसे विचारले नाही.

पण डब्यातल्या बाकावर बसू देणे वेगळे आणि कारखान्यातल्या बाकावर कामाला बसू देणे वेगळे. सुरुवातीच्या काळात ड्रायव्हर विलायतेहून आणीत. पुढेही दीर्घकाळ मेल गाड्यांचे रेग्युलेटर गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या हातात राहिले. त्यांच्या खालची कुशल कामे लोहार, सुतार अशा कारागीर जातींतून आलेल्या माणसांकडे गेली. त्याच्याही खाली, रुळावर, कोळशाच्या ढिगावर आणि राखेच्या खड्ड्यात, आपली माणसे. गावातली उतरंड रेल्वेने मोडली नाही. तिच्यावर गोऱ्या कातडीचा आणखी एक मजला चढवला आणि तिला हुद्द्यांची नावे दिली.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती १९३८ साली मनमाडला. १२ व १३ फेब्रुवारी रोजी तेथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रतिपादन याच परिषदेतले. ते आपण वारंवार उद्धृत करतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामांची जी छाननी केली तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. अस्पृश्य माणसाला रेल्वेत गँगमनचे काम मिळते आणि तो जन्मभर गँगमनच राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. स्टेशनवरच्या पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्य पोर्टर घरात कसा चालेल? रेल्वेच्या कारखान्यांतही तो क्वचितच मेकॅनिक किंवा मिस्त्री होतो, फोरमन तर नाहीच. तो कुली म्हणून येतो आणि कुली म्हणूनच जातो. बाबासाहेबांच्या या छाननीत कारखान्याचा उल्लेख आला तो उगाच नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे. विटाळ सुताला चिकटतो तसा तो खरवडणीला आणि हातोडीलाही चिकटे. दोन वर्षे आधीच, १९३६ मध्ये, त्यांनी सांगितले होते की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. मनमाडला त्याचा रेल्वेतला पुरावा त्यांनी मांडला.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. वाफेला जात नसते, मग जुन्या यंत्राच्या जपणुकीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. वाफेला जात नसते हे खरेच आहे. बॉयलर कोणाच्याही हाताने सारखाच तापतो. म्हणून तर त्या हातांची वाटणी कोणी आणि कोणत्या तत्त्वावर केली हे विचारायचे. ती वाटणी यंत्राने केलेली नाही. आणि इंजिन एकट्या ड्रायव्हरच्या बळावर चालत नाही. एका इंजिनामागे कोळसा फोडणारा, पाणी भरणारा, बॉयलर धुणारा, नळ्यांतली काजळी काढणारा, राख ओढणारा अशी माणसांची ओळ उभी असते. बॉयलर वेळेवर धुतला नाही तर पाण्यातला क्षार पत्र्यावर थरावर थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि भट्टीचा पत्रा जळून जातो. म्हणजे धुणाऱ्याच्या कामावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असे. तरी त्याची गणती अकुशलांत.

माझे आजोबा एका जंक्शनच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. त्यांचे काम राखेच्या खड्ड्यावर. इंजिन धाव संपवून खड्ड्यावर येऊन उभे राही, मग खाली उतरून दाताळ्याने धगधगती राख ओढायची, वर चढून भट्टीत चिकटलेले कोळशाचे खडे फोडायचे आणि पुढच्या धुरपेटीतली भुकटी उपसायची. गरम राखेवर पाणी मारले की जो धूर उठतो तो छातीत बसतो, असे ते सांगत. पण ते आणखीही काही सांगत. राख बघून इंजिनात कोळसा कसा घातला होता ते त्यांना कळे. अर्धवट जळालेला कोळसा जास्त निघाला की फायरमन घाईत होता, काचेसारखे खडे निघाले की कोळसाच वाईट होता. कोणत्या इंजिनाच्या जाळीची पट्टी वाकली आहे हे ड्रायव्हरने लिहून देण्याआधी त्यांना ठाऊक असे. हे ज्ञान कोणी त्यांना विचारले नाही, ट्रेड टेस्टमध्ये त्याला गुण नव्हते, आणि निवृत्तीच्या दिवशीही ते खलाशीच होते. वाफेच्या इंजिनाचा इतिहास मी प्रथम त्यांच्याकडून ऐकला. छापील पुस्तके नंतर वाचली. त्या पुस्तकांत राखेचा खड्डा हा शेडच्या नकाशातला एक आयत म्हणून भेटला.

इंग्लंडमध्ये जुन्या रेल्वे जपण्याची चळवळ कशी उभी राहिली हे पाहणे या संदर्भात उपयोगाचे आहे. १९५१ मध्ये वेल्समधील तालिलिन ही बंद पडू पाहणारी छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य लोहमार्गांवरील वाफेचा वापर थांबवला. तेव्हा वेल्समध्येच बॅरी येथील एका भंगारवाल्याच्या आवारात शेकडो इंजिने मोडीसाठी उभी होती. त्यांतली २१३ इंजिने लोकांनी वर्गण्या काढून विकत घेतली आणि वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी राबून त्यांतली पुष्कळशी चालती केली. निवृत्त कामगारांच्या शेजारी मास्तर, कारकून, विद्यार्थी उभे राहिले, अंगाला तेल-काजळी लावून घेतली आणि त्यांच्याकडून काम शिकले. तिथे वर्ग नाहीत असे नव्हे. ज्याला फुरसत आहे त्यालाच हा छंद परवडतो, हेही उघड आहे. तरी पदवीधर माणसाने बॉयलरमेकरच्या हाताखाली उमेदवारी करण्यात त्या समाजाला विटाळ वाटला नाही. हाताचे ज्ञान अशा रीतीने पुढच्या पिढीत गेले.

आपल्याकडे हे काम मुख्यतः सरकारी कारखान्यांतल्या पगारी कामगारांनी केले. त्यात उणे काही नाही. पण आपला सुशिक्षित वर्ग या इंजिनाकडे आला तो तिकीट काढून आणि कॅमेरा घेऊन. शिवाय काळ कमी उरला आहे. १९७२ पर्यंत आपल्या देशात वाफेची इंजिने बांधली जात होती. मोठ्या रुळांवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. १९७० च्या सुमारास विशीत कामाला लागलेला माणूस २०१० पर्यंत निवृत्त झाला आणि आज तो पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. हातोडीचा आवाज ओळखणारे कान दरवर्षी कमी होत आहेत. तंत्र बदलले हे त्याचे मोठे कारण आहे. पण ज्या शेडमध्ये शेकडो माणसे राबत होती तिथे ही विद्या मोजक्याच हातांत ठेवली गेली, शेजारच्याला मुद्दाम शिकवली गेली नाही, हेही एक कारण आहे. ज्या विद्येला कुंपण घालतात ती विद्या कुंपणाच्या आत म्हातारी होते.

परिस्थिती तशीच राहिली असे मात्र नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा ८.३३ जागा राखल्या गेल्या. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ झाले. स्वातंत्र्यानंतर घटनेने त्याला आधार दिला. गँगमनची मुले फिटर झाली, ड्रायव्हर झाली, इंजिनियरही झाली. म्हणजे वाफेच्या अखेरच्या दशकांत आपल्यातली काही माणसे त्या पायऱ्यांवर पोचलेली होती. १९३८ च्या मनमाडपासून १९९५ पर्यंतचा हा प्रवास आपल्याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो जवळजवळ अलिखित आहे.

इंजिन पुन्हा चालते करणारे कारागीर एक नियम पाळतात. हरवलेला भाग नव्याने घडवायचा असेल तर उरलेल्या भागांवरच्या खुणा, झीज, भोके पाहून त्याचा आकार ठरवायचा. इतिहासालाही हा नियम लागू करता येतो. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी या रेल्वेच्या गावांत खलाशी, कोलमन, बॉयलर धुणारे, गँगमन यांची घरे अजून आहेत. त्यांच्या ट्रंकांत सर्व्हिस-बुके, पास, युनियनच्या पावत्या आणि बदलीचे कागद आहेत. त्यांच्या तोंडी शेडचे शब्द आहेत, जे कोणत्याही शब्दकोशात सापडत नाहीत. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय शोधायला ग्रंथालयात जाण्याआधी एकदा रेल्वेच्या वस्तीत जावे. नाव, गाव, जात, हुद्दा, कामाला लागल्याचे साल, शिकवणाऱ्याचे नाव आणि बढती न मिळाल्याचे कारण, एवढे जरी शंभर माणसांचे नोंदले गेले, तरी मनमाडच्या भाषणानंतर काय घडले याचा पहिला खरा हिशेब हाती येईल. कामगार संघटनांनी आणि महाविद्यालयांनी हे काम वाटून घ्यावे.

आणि संग्रहालयांकडे एक साधी मागणी करावी. चालत्या केलेल्या प्रत्येक इंजिनाच्या पाटीवर बांधणाऱ्या कारखान्याच्या नावाखाली, त्या इंजिनावर कोणकोणती कामे होत आणि ती कोण करीत असे, ते लिहावे. त्यात राखेच्या खड्ड्यावरचा खलाशीही यावा. ज्यांनी ते इंजिन पुन्हा उठवले त्या फिटरांची, बॉयलरमेकरांची आणि त्यांच्या मदतनिसांची नावे लिहावीत. शेजारी एक बाक ठेवावा आणि निवृत्त कामगाराला मानधन देऊन तिथे बसवावे. त्याने आपल्या हाताने हातोडी मारून दाखवावी आणि बघायला आलेल्या कोणत्याही मुलाच्या हातात ती द्यावी.